वजा चार

"खोटं बोललं तुमचं यंत्र!"

"यंत्रं खोटं बोलत नाहीत, भावजी. ते माणसांचं काम."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी कुठं तसं म्हटलं? तुम्ही अंगाला लावून घेतलंत."

"वहिनी, 'दहा' म्हणाली ती. स्पष्ट, माझ्या कानात. दहा फूट राहिले म्हणून मी विमानाचं नाक वर धरून ठेवलं. आणि जमीन आलीच नाही! एक क्षण गेला, दोन गेले, वेग संपला... आणि मग आली ती धाडकन."

"धुकं होतं."

"धुकं होतं म्हणूनच तर कानावर विसंबलो. डोळ्यांना दिसत असतं तर तुमच्या त्या यंत्रातल्या बाईची गरज काय होती मला?"

"तिला बाई म्हणू नका. या हँगरात बाई एकच आहे, आणि ती दहाला दहाच म्हणते."

विमानं ठेवायच्या त्या हँगरमध्ये सगळ्यांचे हात चालू होते आणि कान इकडे होते. चाकाशी बसलेला फिटर गेली पाच मिनिटं एकच नट आवळत होता. फरशी पुसणारा पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत होता.

भांडणारी दोघं एकाच घरातली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, एक चष्मा गळ्यात आणि दुसरा कपाळावर, अशा उभ्या होत्या त्या वजाबाई. इथल्या छोट्या जेट विमानाचा रडार अल्टिमीटर, म्हणजे विमान जमिनीपासून किती उंच आहे ते सांगणारं यंत्र, त्यांच्या ताब्यात. त्यांची सही झाल्याशिवाय ते विमान हलत नसे. खाली, टोपी काखेत दाबून उभा तो त्यांचा धाकटा दीर, त्याच विमानाचा वैमानिक. तीन दिवसांपूर्वी सकाळच्या धुक्यात त्यानं विमान असं आपटलं होतं, की मागं बसलेल्या मालकांचा चष्मा त्यांच्याच कॉफीत पडला. चाकं तपासली, चाकांचे दांडे तपासले, विमान धडधाकट निघालं. मग दोष कुणाचा? अहवाल टाइप होऊन तयार होता: चूक वैमानिकाची. आज चार वाजता मॅनेजर त्यावर सही करणार होते. ती सही झाली की दिराचं उडणं बंद. असा शेरा लागलेल्याला दुसरी कंपनीही दारात उभं करत नाही.

"चला," वजाबाई शिडीवरून उतरल्या. "आत्ता चालू करून बघू. सगळ्यांसमोर. वजा चार आलं, तर चार वाजता मॅनेजरांपुढं तुम्ही माझ्या यंत्राचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही आलं तर?"

"नाही आलं तर माझं नाव बदला."

ते नाव त्यांना लागलं त्याला सव्वीस वर्षं झाली होती. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. डाख देताना उठणाऱ्या धुरात लहानाची मोठी झालेली ही मुलगी हँगरमध्ये नवी होती तेव्हाची गोष्ट. कुणी एक जाडजूड पाहुणे विमान बघायला आले आणि वैमानिकाच्या खुर्चीत जाऊन बसले. समोरचा आकडा बघून म्हणाले, "मायनस चार? विमान जमिनीत गाडलंय की काय?" त्यांच्याबरोबरची माणसं पोट धरून हसली. मुलगी हसली नाही.

"साहेब, तुम्ही खुर्चीला टेकलात तो क्षण शून्य," ती म्हणाली. "त्यानंतर तुम्ही गादीत रुतलात. ते रुतणं म्हणजे वजा. विमान उतरतं तेव्हा नाक वर असतं, चाकं खाली लोंबत असतात. ती चाकं जमिनीला शिवतात तेव्हा शून्य यावं, असं हे लावलेलं असतं. पुढं नाक खाली येतं, विमान आपल्या वजनानं पायांवर बसतं, पोट आणखी खाली जातं. म्हणून उभ्या विमानाचं वजा चार. शून्य दिसलं, तर घाबरायचं."

पाहुण्यांनी आधी आकड्याकडे आणि मग आपल्या पोटाकडे बघितलं. म्हणाले, "मग माझं वजा सहा तरी असेल!"

तेव्हापासून ती वजाबाई. पगाराच्या कागदावर दुसरं काही होतं, पण त्या नावानं हाक मारली तर त्यांना स्वतःलाच ओ द्यायला वेळ लागे.

त्यांचं काम म्हटलं तर सोपं. विमानाच्या पोटाला तळहाताएवढे दोन चपटे चौकोन बसवलेले असतात. एक खाली हाक मारतो, दुसरा कान लावून बसतो. हाक जमिनीवर आपटून परत यायला जितका वेळ, तितकी उंची. बस्स. पण त्या दोन चौकोनांसाठी वजाबाई दिवसातून दोनदा विमानाखाली पाठीवर झोपत. मऊ ब्रशनं धूळ झाडत, कडेच्या रबराला बोट लावून ओल आहे का बघत, मागच्या केबलचा प्रत्येक जोड हातानं चाचपत. एकदा नव्या रंगाऱ्यानं विमानाचं पोट रंगवताना उत्साहाच्या भरात हे दोन्ही चौकोनही रंगवून टाकले. काय सुरेख हात फिरवला होता! वजाबाईंनी त्याला विमानाखाली ओढून नेलं. "मेल्या, कुणी डोळ्यांवर डांबर फासतं का? काढ. काढ म्हणजे, नखानं काढ." आणि तो काढतोय हे बघून स्वतःही त्याच्या शेजारी आडव्या पडून नखानं रंग काढत बसल्या. संध्याकाळपर्यंत दोघांची नखं पांढरी. पुढं त्या रंगाऱ्यानं दुसऱ्या विमानांच्या चौकोनांभोवतीही स्वतःहून कागद चिकटवायला सुरुवात केली.

तर आता कॉकपिटमध्ये दीर आणि वजाबाई, आणि दाराशी माना लांब करून उरलेला हँगर. वीज आली. आकडा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

वजा चार.

फिटर आपल्या नटाकडे परत गेला. दिरानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"जिंकलात, वहिनी," तो म्हणाला आणि उतरला.

वजाबाई बसून राहिल्या. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात.

त्यांना मात्र सकाळचं जेवणाचं टेबल आठवत होतं. तीन दिवस दीर-भावजय एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मध्ये बसला होता वजाबाईंचा नवरा. पेशानं शिंपी, स्वभावानं गरीब.

"दादा, वहिनींना सांग, साखर दे म्हणावं."

"अहो, भावजींना सांगा, साखरेचा डबा त्यांच्या कोपराला लागलाय."

"दादा, वहिनींना सांग, दिसला."

"मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?" शिंप्यानं चहाचा कप खाली आपटला. हा माणूस वर्षातून एकदा चिडे, त्यामुळं दोघंही दचकली.

धाकटा उठून गेल्यावर मात्र तो बायकोला हळूच म्हणाला होता, "तुझी सही खरी असेल तर त्याचा हात चुकला, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग एक सांगतो. माझी नजर अधू झाली ना, तेव्हापासून सुईत दोरा मला तोच ओवून देतो. जाता जाता, उभ्या उभ्या. एकदाही चुकला नाही. तू बघ बाई काय ते. मला विमानातलं कळत नाही."

मला विमानातलं कळत नाही म्हणणाऱ्या माणसांचं हेच वाईट असतं. ती नेमका काटा टोचून ठेवतात आणि कामाला निघून जातात.

दीड वाजता ट्रॅक्टरवाला आला. हे जेट उभं होतं त्या तीन नंबरच्या जागेवर दुसरं विमान घ्यायचं होतं, ते बाहेर उन्हात नेऊन लावायचं होतं. विमान ओढून नेताना आत ब्रेकवर बसायला एक माणूस लागतो.

"कुणाला पाठवता, बाई?"

"मीच बसते. हल्ली मला कुठं कुणी फिरायला नेतं."

त्या बसल्या. यंत्र बंद करायला हात पुढं केला आणि मागं घेतला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दिरावरचा राग अजून उतरला नव्हता म्हणून असेल, किंवा सुईतल्या दोऱ्यामुळं. असू दे चालू, म्हणाल्या. वजा चार बघत बघत जाऊ.

ट्रॅक्टरनं हिसका दिला. विमान हललं. वजा चार. आणखी हातभर. वजा चार. मग चाकं सावकाश फिरली, विमान दोन-तीन पावलं पुढं सरकलं, आणि आकडा म्हणाला:

वजा सात.

संकटात पायाखालची जमीन सरकते. लोकांची खाली सरकते. वजाबाईंची तीन फूट वर आली.

"थांब!" त्या खिडकीतून ओरडल्या. ट्रॅक्टरवाल्यानं करकचून ब्रेक मारला.

"काय झालं, बाई?"

"मागं घे."

"मागं? आत्ता तर निघालो!"

"मागं घे म्हटलं ना!"

विमान मागं आलं. वजा चार.

"आता पुढं."

वजा सात.

"पुन्हा मागं."

"बाई, हा काय झोपाळा आहे?"

"झोके दे म्हणतेय मी, तर द्यायचे. मागं!"

वजा चार.

पाचव्या झोक्यानंतर त्या उतरल्या. विमान पुढं काढायला लावलं आणि तीन नंबरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. तीच फरशी, तोच राखाडी रंग, तीच पिवळी रेघ. कित्येक वर्षं इथंच विमान उभं करून त्यांनी यंत्र लावलं होतं. सपाट, कोरडी, ओळखीची जागा. दुसरीकडे लाव म्हटलं की त्या म्हणत, "माझी जमीन तीन नंबर."

ज्यांच्या हाताखाली त्या हे शिकल्या, त्या थोरल्या मिस्त्रींची एक तऱ्हा होती. यंत्र लावायच्या आधी ते पाना घेऊन खाली वाकत आणि दारावर ठोकावं तशी जमीन ठोकत. "ज्याला हाक मारायची, तो घरात आहे का बघून घ्यावं," म्हणत. वजाबाई पहिली काही वर्षं ठोकत असत. मग जागा ठरून गेली आणि ठोकणं सुटलं. ओळखीच्या घराचं दार कोण ठोकतं?

त्यांनी खिशातून पाना काढला. गुडघे टेकले.

टक. टक. टक.

ढब.

ट्रॅक्टरवालासुद्धा खाली उतरला.

या जागेच्या मधोमध कमरेएवढा एक खड्डा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्याचा पाइप आणि जुन्या तारा जायला केलेला. त्यावर जाडजूड लोखंडी झाकण असायचं, विमानाची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहायची. ठोकलं की लोखंड ठण्ण वाजायचं. हे ठण्ण नव्हतं. वजाबाईंनी कडेत बोटं घातली. लोखंडी झाकण उचलायला दोन माणसं लागायची. हे एका हातानं वर आलं, सुपासारखं.

"हे कधी बदललं?"

"तुम्ही सासूबाईंच्या ऑपरेशनला रजेवर होतात ना, तेव्हा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "जुनं गंजलं होतं. मॅनेजरसाहेबांनी फायबरचं आणलं. रंगही हुबेहूब दिला. छान दिसतंय, नाही?"

डोळ्यांना फार छान दिसत होतं. रडारला मात्र दिसतच नव्हतं. खिडकीच्या काचेतून नजर जावी तशी विमानाची हाक त्या फायबरमधून आरपार जात होती आणि खड्ड्याच्या तळाशी आपटून परत येत होती. वजाबाईंनी टेप सोडली. तीन फूट, वर एक बोट.

आता त्यांना तो दिवसही आठवला. तीन आठवड्यांपूर्वी, रजेवरून आल्या आल्या, विमानात यंत्राचा नवा डबा बसवला होता त्यांनी. याच जागेवर. पहिल्यांदा चालू केला तेव्हा आकडा आला होता वजा एक, आणि त्यांना हसू आलं होतं. नवी नवरी, बुजलीय जरा, म्हणाल्या होत्या. आणि बाबापुता करून, एक एक फूट खाली आणून, तिला वजा चारवर बसवलं होतं. बसली तेव्हा पाठही थोपटली होती डब्याची. म्हणजे त्यांनी काय केलं होतं? प्रत्येक उंचीतून तीन फूट वजा करायला त्या यंत्राला आपल्या हातानं शिकवलं होतं. स्वच्छ हवेत डोळ्यांना जमीन दिसत होती, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नाही. धुक्यात ते 'दहा' म्हणालं तेव्हा दीर तेरावर होता.

जमीन आलीच नाही, वहिनी.

खड्ड्याच्या काठावर पाय सोडून वजाबाई बसल्या. तळाशी कुणाचा तरी हरवलेला हातमोजा पडला होता, पंजा वर करून.

"बाई, यात तुमची काय चूक?" ट्रॅक्टरवाला चुळबुळत म्हणाला. "झाकण साहेबांनी बदललं."

"साहेबांनी झाकण बदललं. जमीन मी मोजली."

त्यांनी आत उतरून तो हातमोजा उचलला, झटकला, खिशात घातला, आणि झाकण परत लावलं. "विमान पुन्हा या जागेवर आणून ठेव," त्याला म्हणाल्या. "ट्रॅक्टर लावलेलाच राहू दे. आणि जेवायला जाऊ नकोस."

पावणेचारला मॅनेजरांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक टाइप केलेला अहवाल. दुसरं लॉगबुक, उघडं. त्यात वजाबाईंचं वळणदार अक्षर. मॅनेजरांनी ते एकदा मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, म्हणजे दुसऱ्यांदा तरी वेगळं निघेल.

"'यंत्र लावताना खालची जमीन तपासली नाही. झाकणाखालच्या खड्ड्याचा तळ जमीन धरला गेला. यंत्र तीन फूट कमी दाखवत आहे. चूक माझी.' हे काय आहे, बाई?"

"मराठी आहे."

"थट्टा नका करू! सव्वीस वर्षांत तुमच्या नावापुढं एक ठिपका नाही. असं लिहा ना, की डबा सदोष निघाला. डबा काय परत येऊन भांडणार आहे का?"

"डब्यात काही दोष नाही. बिचारा मी सांगितलं तेच करतोय."

"अहो, पण लोक काय म्हणतील? मीच म्हणतो ना, लोक कशाला! सकाळी सगळ्यांसमोर वजा चार आलं. दुपारी तुम्ही म्हणता यंत्र चूक. आणि ज्याची नोकरी जातेय तो कोण, तर तुमचा दीर." मॅनेजर खुर्चीत पुढं सरकले. "घरच्या माणसासाठी बाईंनी चूक अंगावर घेतली, असंच दिसणार हे. आणि ज्यांनी एकदा घरच्यासाठी लिहिलं, त्यांच्या उद्याच्या सहीवर मी माणसं बसवू विमानात?"

दार वाजलं. दीर आत आला. चार वाजायला आले होते आणि शिक्षेला उशिरा जाऊ नये एवढी शिस्त त्याला होती. मॅनेजरांनी लॉगबुक त्याच्याकडे फिरवलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"हे मला नको."

"भावजी, आधी..."

"नको म्हटलं ना! सकाळी मी स्वतः बघितलंय, वजा चार. माझा हात चुकला असेल तर चुकला. दादानं सांगितलं असेल तुम्हाला, सांभाळून घे त्याला म्हणून."

"तुमच्या दादांनी फक्त सुईदोऱ्याचं सांगितलं."

"काय?"

"काही नाही."

"वहिनी, मी बारा वर्षांचा असताना तुम्ही घरात आलात. गृहपाठात सुद्धा कधी एक उत्तर सांगितलं नाहीत मला. सोडव तुझं तू, म्हणायचात. आणि आज हे?" त्यानं लॉगबुकवर बोट टेकवलं. बोट जराही थरथरत नव्हतं. "खरं सांगा. माझ्या गळ्याची शपथ नको, तुमच्या सहीची घ्या. खरंच चुकलात, की मला वाचवताय?"

मॅनेजरही थांबले. दोघांचे डोळे वजाबाईंवर होते.

वजाबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. टेबलावरची टेप उचलली, खिशातला पाना हातात घेतला. दार उघडलं, उघडंच ठेवलं, "या, बघा," म्हणाल्या आणि तीन नंबरवर ट्रॅक्टर लावून ठेवलेल्या विमानाच्या दिशेनं चालू लागल्या. दर चार पावलांवर त्या खाली वाकत होत्या आणि पान्यानं जमीन ठोकत होत्या.